सुट्टी मालकांनी दिली नाही, लोखंड्यांनी मिळवली

वऱ्हाड-खानदेशचा कापूस, मुंबईच्या गिरणीतले सूत आणि चीनची बाजारपेठ. आज जिला जागतिक पुरवठा साखळी म्हणतात, ती सव्वाशे वर्षांपूर्वीही होती. तिच्या मधल्या कडीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत होता तो बहुजन कामगार. त्याच्यासाठी कायदा करा, असा आग्रह मँचेस्टरचे गिरणीमालक धरीत, कारण त्यांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती होती. इथले मालक कायद्याला विरोध करीत, कारण त्यांना नफा हवा होता. कामगाराला मात्र कोणीच विचारीत नव्हते.

त्याचा आवाज झाले नारायण मेघाजी लोखंडे. 1848 साली जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना संघटित केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमींना भरपाई या त्यांच्या मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले; दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. 1897 मध्ये प्लेगने लोखंड्यांना नेले.

24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. त्या इमारतीत परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. नाही म्हणायला त्यांच्या पाठीशी संघटना नव्हती.

परदेशी खरेदीदाराची दया आणि देशी मालकाची देशभक्ती, दोन्ही कामगाराला तारत नाहीत. संघटित व्हा, हाच लोखंड्यांचा वारसा आहे.