शरीराला सहनशीलता शिकवणारा शास्त्रज्ञ

सहनशीलतेचे धडे आपल्याला लहानपणापासून मिळतात. पण शरीरालाही सहनशीलता शिकवता येते, हे दाखवलं सर पीटर मेडावर यांनी.

त्यांचा जन्म 1915 चा, ब्राझीलमधला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. ऑक्सफर्डला ते प्राणिशास्त्र शिकले. 1940 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांच्या घराजवळ एक विमान कोसळलं. त्यातला एक जवान भयंकर भाजला. अशा माणसाला दुसऱ्याची कातडी का चालत नाही, या प्रश्नाने मेडावरांना झपाटलं. पुढे ग्लासगोला भाजलेल्या एका तरुणीला सख्ख्या भावाची कातडी लावली. ती टिकली नाही. दुसऱ्यांदा लावलेली तर आणखी लवकर गेली! म्हणजे शरीर परक्याला ओळखतं आणि लक्षातही ठेवतं.

1953 मध्ये बिलिंगहॅम आणि ब्रेंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आईच्या पोटातल्या उंदराच्या पिल्लांना दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी या पिल्लांनी त्याच वाणाची कातडी आपलीच समजून स्वीकारली. जन्माआधी ओळख झाली, की परकंही आपलं होतं. या शोधासाठी 1960 चं नोबेल त्यांना बर्नेट यांच्यासह मिळालं.

1969 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. पत्नी जीन स्वतः कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या. त्यांच्या साथीने मेडावर लिहीत राहिले, दोघांनी मिळून पुस्तकही लिहिलं. 1987 मध्ये ते गेले.

त्यांचं काम आज कुणाला हवंय? टाइप 1 मधुमेह असलेल्या, रोज इन्सुलिनची सुई टोचून घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आयांना. 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी 7 रुग्णांच्या यकृतात दात्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी सोडल्याचं जाहीर केलं. त्या सगळ्यांचं इन्सुलिन तेव्हा बंद झालं होतं! पण शरीराने या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती राहते. म्हणूनच लहान मुलांवर हा उपाय सहसा करत नाहीत.

सुई सुटते, गोळ्या मागे लागतात. मेडावरांच्या उंदरांना मात्र एकही गोळी लागली नव्हती. तेवढीच सहनशीलता माणसाच्या शरीराला कशी शिकवायची, यासाठी आज संशोधक झटत आहेत.