धर्मशाळेबाहेर निजणारे गाडगेबाबा

आपली दिंडी आंबा घाट चढून पंढरीला निघते तेव्हा रात्रीचा मुक्काम कुठं पडणार, हे आधीच ठरलेलं असतं. शाळा, देऊळ, नाहीतर कुणाची पडवी. पूर्वी गरीब वारकऱ्याला हे सुख नव्हतं. गाठीला चार पैसे असतील तर पंढरपुरात वाड्यात जागा मिळे. नसतील तर वाळवंट आणि वरून आषाढाचा पाऊस. ज्यांना देवळाचीच बंदी, त्यांना गावात वळचणसुद्धा मिळत नसे.

हे दुखणं गाडगेबाबांनी जाणलं, कारण ते त्यांनी भोगलं होतं. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचं मूळ नाव. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्म. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तिथं डेबूजींनी मामाच्या शेतात रक्त आटवलं, तर ती जमीन सावकारानं गिळली. पुढं कीर्तनात बाबा कर्ज काढू नका म्हणून इतके पोटतिडकीनं का सांगत, ते इथं कळतं.

1905 साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचन, मूर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा त्यांनी पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही रुग्णांच्या नातेवाइकांची सोय केली. आपल्या कोकणातून दुखणाईत माणूस मुंबईला न्यायचा आणि बरोबरच्यांनी फुटपाथवर निजायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

बाबा आपल्या मुलखातही आले होते. 1923 च्या मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू होतं. तिथंच एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. आपल्याकडे हा प्रसंग नेहमी वैराग्याचा म्हणून सांगतात. खरा आहेच तो. पण तेव्हा घरी पोराची आई कुंताबाई होती, तिचं काय? बाबांनी हजारो लोकांच्या डोक्यावर छप्पर घातलं, आणि घरची माणसं झोपडीत राहिली. धर्मशाळेवर नातेवाइकांचा हक्क त्यांनी कधी चालू दिला नाही. लोकांचा पैसा लोकांसाठीच, हा त्यांचा हिशेब चोख होता. त्याची किंमत मात्र त्या माउलीनं मोजली. कुंताबाईंचं नाव आपल्या कीर्तनात क्वचितच येतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

स्वतः बाबा धर्मशाळेच्या आत कधी रमले नाहीत. पंढरीला जायचे, पण राउळात न जाता वाळवंट झाडायचे. रात्री बाहेरच कुठंतरी अंग टाकायचे.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. गाडीतच, वाटेवर.