चहाची कावड खांद्यावर घेणारा भिक्खू : बाइसाओ

जपानमध्ये शरद ऋतू आला की क्योतो शहराच्या आग्नेयेला असलेल्या तोफुकुजी विहारातल्या दरीत मेपलची झाडे लालभडक होतात. आज तिथे पर्यटकांची रीघ लागते. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी याच झाडांखाली पांढऱ्या केसांचा एक म्हातारा कावड उतरवायचा, चूल पेटवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हिरवा चहा द्यायचा. लोक त्याला बाइसाओ म्हणत. अर्थ सरळ आहे, चहा विकणारा म्हातारा.

त्यांचा जन्म १६७५ चा, क्युशू बेटावरच्या हिझेन प्रांतातला, म्हणजे आजच्या सागा जिल्ह्यातला. वडील लहानपणीच गेले. अकराव्या वर्षी ते ओबाकू झेन परंपरेच्या र्‍युशिनजी विहारात श्रामणेर झाले आणि गेक्काई गेन्शो हे धम्मनाम मिळाले. ही परंपरा चीनमधून इंगेन या आचार्यांनी १६५४ मध्ये जपानला आणली होती. तिच्यासोबत चहाची पाने पाण्यात उकळून पिण्याची साधी चिनी रीतही रुजली. बाविसाव्या वर्षी मोठ्या आजारपणातून उठल्यावर गेन्शो अनेक वर्षे देशभर फिरले. परतल्यावर विहाराचा कारभार त्यांनी निष्ठेने सांभाळला. १७२० मध्ये गुरू वारले. विहाराचे प्रमुखपद जवळजवळ हातात होते. ते त्यांनी गुरुबंधूला दिले आणि क्योतोची वाट धरली.

इथे आपण थोडे थांबू. तोकुगावा राजवटीत प्रत्येक कुटुंबाची एखाद्या विहारात नोंद असणे सक्तीचे होते. विहारांना यजमान घराणी कायमची बांधलेली, त्यामुळे उत्पन्नही पक्के. पदे, मानाची वस्त्रे, दानशूरांची मर्जी यांतच अनेक भिक्खू गुरफटले होते. गेन्शोंना हे खटकत होते. १७३५ च्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कामो नदीजवळ चहाचे छोटे दुकान थाटले. बांबूच्या टोपल्यांत भांडी भरून ते निरनिराळ्या विहारांच्या आवारात आणि झाडांखालीही बसत. पैशासाठी बांबूची नळी ठेवलेली असे. शेकडो सुवर्णनाण्यांपासून अर्ध्या दमडीपर्यंत काहीही टाका, फुकट प्यालात तरी चालेल, मात्र फुकटपेक्षा स्वस्त देणे जमणार नाही, असा त्यांचा थट्टेखोर भाव होता!

टीका झालीच. भिक्खूने खरेदी-विक्री करू नये, असे विनय सांगतो आणि तो आक्षेप आपणही हलका मानत नाही. पण त्यांचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. धम्माच्या नावावर श्रद्धावंतांकडून दान उकळत राहण्यापेक्षा चहा विकून पोट भरणे त्यांना अधिक प्रामाणिक वाटत होते. अखेर १७४२ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी रीतसर चीवर सोडले आणि को युगाई हे गृहस्थाचे नाव घेतले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सचोटीचा निर्णय हाच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खू नेमका कशासाठी, हा प्रश्न विचारला आहे. बाइसाओ काही समाजक्रांतिकारक नव्हते, त्यांना ओढूनताणून तसे करू नये. पण पोट आणि धम्म यांच्या नात्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या जगण्यातून सोडवायचा प्रयत्न केला, एवढे नक्की.

चहाचेही सांगायला हवे. १७३८ मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने कोवळी पाने वाफवून, हाताने वळून वाळवण्याची पद्धत बसवली. आजचा सेंचा त्यातूनच आला. बाइसाओ त्याच्या गावी गेले, त्याचा चहा प्याले आणि मनापासून वाखाणला. वसंतात खुडलेली ही पाने उन्हाळाभर नीट साठवली की शरदात त्यांचा कोवळा उग्रपणा कमी होतो, चव मऊ आणि भरलेली लागते. म्हणून जपानमध्ये शरदातल्या साठवणीच्या चहाचे वेगळे कौतुक आहे. बाइसाओ पाने किटलीत उकळत. आज मात्र पाणी उकळून सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत निवू देतात, पानांवर ओततात आणि मिनिटभराने गाळतात. दूध-साखर नाही. खळखळत्या पाण्याने तो कडू होतो. आपल्या उकळ्या चहाची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

त्यांच्या चहाजवळ विद्वान, चित्रकार, कवी आणि साधी माणसेही बसत. एरवी कोंबडे आणि फुले रंगवणाऱ्या इतो जाकुचूने त्यांची चित्रे काढली. १७५५ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, शरीर साथ देईना म्हणून त्यांनी दुकान बंद केले. आपल्या पश्चात भांडी नको त्या हातांत पडून मिरवली जाऊ नयेत म्हणून त्यांनी आवडत्या टोपलीचा निरोप घेतला आणि ती चहाच्या इतर साहित्यासह जाळून टाकली. १७६३ मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या कवितांचा संग्रह छापला गेला. उरलेल्या भांड्यांची चित्रे मात्र चाहत्यांनी जपली आणि १८२३ मध्ये त्यांचेही पुस्तक निघाले.