दहा डॉलरचा हप्ता

१६ जून १९४८ रोजी मलायातील पेराक राज्यात, सुंगाइ सिपुत या गावाच्या परिसरात तीन युरोपीय मळेवाल्यांच्या हत्या झाल्या. त्यानंतर ब्रिटिश सरकारने जारी केलेली आणीबाणी बारा वर्षे टिकली. योगायोग असा की, त्याच दिवशी त्याच गावातील एका तमिळ मळेमालकाचा मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला. वीरस्वामी तिरुज्ञान संबंधन हे त्याचे नाव. पुढे हाच माणूस अठरा वर्षे मलेशियातील भारतीयांचा पुढारी आणि जवळजवळ तितकाच काळ मंत्री होता. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच्याविषयी कुतूहल वाटावे ते मंत्रिपदामुळे नव्हे. रबराच्या झाडाचा चीक काढणाऱ्या, स्वतःच्या मालकीची खोलीही नसलेल्या मजुरांना मळ्याचे मालक करण्याचा खटाटोप त्याने केला, म्हणून.

संबंधन यांचे वडील १८९६ च्या सुमारास तमिळ मुलखातून मलायात गेले, कष्ट केले आणि रबराचे मळेमालक झाले. असे भाग्य हजारांत एखाद्याच्याच वाट्याला येई. बाकीचे कंगाणीने, म्हणजे मुकादमाने, गावाकडून भरती करून आणलेले मजूर. पहाटे अंधारात कपाळाला दिवा बांधून झाडाच्या सालीवर तिरकी चीर द्यायची, उन्हे चढण्यापूर्वी वाट्यांत साचलेला चीक गोळा करायचा, आणि मळ्याच्याच रांगेतील खोलीत परतायचे. दुकान मळ्याचे, ताडीचा गुत्ता मळ्याचा, शाळा असलीच तर तीही मळ्याची. १९३८ मध्ये हिंदुस्थान सरकारने मजुरांच्या या निर्यातीवर बंदी घातली. पण जे तेथे होते ते तेथेच राहिले.

संबंधन यांचे उच्चशिक्षण अण्णामलै विद्यापीठात झाले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या मलायन इंडियन काँग्रेसमध्ये ते आले तेव्हा पक्षाची सूत्रे शहरी वकील-व्यापाऱ्यांच्या हाती होती. पहिल्या चार अध्यक्षांपैकी एक शीख होते, एक पंजाबी. मळ्यावरच्या तमिळ मजुराला हा पक्ष आपला वाटण्याचे काही कारण नव्हते. १९५५ मध्ये संबंधन अध्यक्ष झाले आणि पक्षाची भाषा बदलली, सभांच्या जागा बदलल्या. पक्ष चालविण्यासाठी त्यांनी वडिलोपार्जित मळ्याचा मोठा भाग विकला, असे सांगतात. सुंगाइ सिपुत येथे त्यांनी महात्मा गांधींच्या नावाने तमिळ शाळा काढली. तिचे उद्घाटन १९५४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते झाले.

१९५५ च्या निवडणुकीत तुंकू अब्दुल रहमान यांच्या अलायन्स आघाडीने बावन्नपैकी एकावन्न जागा जिंकल्या. त्यांत भारतीयांच्या पक्षाच्या वाट्याला दोन. हे प्रमाणच पुढच्या राजकारणाविषयी पुरेसे बोलके आहे. मलायात दर दहा माणसांमागे साधारण एक भारतीय होता, आणि त्यांतील पुष्कळांना अद्याप नागरिकत्वच नव्हते. मलय पक्षाला आपल्या समाजाचे विशेष स्थान हवे होते, इतरांना नागरिकत्व. घटना ठरताना ही देवघेव झाली आणि संबंधन त्या देवघेवीचे एक भागीदार होते. त्यांनी फार थोडे मिळविले, असा आरोप त्यांच्यावर हयातीतच झाला आणि अजूनही होतो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण दोन जागा घेऊन बसलेला माणूस किती ताणू शकतो, याचाही विचार आरोप करणाऱ्यांनी करावयास हवा होता.

मजूर, आरोग्य आणि नंतर १९५९ ते १९७१ बांधकाम व टपाल-तार अशी खाती त्यांनी सांभाळली. त्या कामगिरीचा तपशील येथे देण्याची गरज नाही. ती एका सचोटीच्या मंत्र्याची कामगिरी होती. खरी गोष्ट मळ्यांवर घडत होती.

स्वातंत्र्य जवळ आले तसे काही ब्रिटिश मालक मळे विकू लागले. घेणारे बहुधा सट्टेवाल्यांचे गट. सबंध मळा एकगठ्ठा घ्यायचा, त्याचे लहान तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा विकायचा. तुकड्यांच्या किमतींची बेरीज मळ्याच्या किमतीहून अधिक होई, हा या धंद्यातील नफा. त्यात आणखी एक मेख होती. म्हातारी झाडे तोडून नवी लावली तर पाच-सहा वर्षे चीक मिळत नाही. तुकडे करून विकणाऱ्याला ती वाट पाहण्याचे कारणच उरत नसे. तुकडा घेणारा लहान मालक स्वतः किंवा घरच्यांकडून काम करून घेई, नाहीतर कंत्राटाने. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेल्या मजुराची नोकरी जाई आणि नोकरीबरोबर खोलीही. बेकारी आणि बेघरपणा एकाच दिवशी येण्याची ही व्यवस्था होती. उंगकू अझीझ या मलय अर्थशास्त्रज्ञाने या तुकडेकरणाचा विस्तृत अभ्यास करून त्याचे दुष्परिणाम मांडले. सरकारने मात्र ते थांबविण्याची घाई केली नाही.

संबंधन यांनी १९६० मध्ये नॅशनल लँड फायनान्स कोऑपरेटिव्ह सोसायटी ही संस्था उभी केली. कल्पना इतकी साधी की वर्गात सांगितली तर विद्यार्थी तिच्याकडे दुर्लक्ष करतील. शंभर डॉलरचा एक भाग. तो मजुराने दरमहा दहा डॉलरच्या हप्त्याने फेडायचा. जमलेल्या भांडवलावर मळा विकला जाण्याआधी तो संस्थेनेच घ्यायचा. मजुराच्या कमाईत दहा डॉलर ही लहान रक्कम नव्हती. म्हणून संबंधन आणि त्यांचे सहकारी, विशेषतः के. आर. सोमसुंदरम, मळ्यामळ्यांवर हिंडून भाग खपवीत राहिले. केदा राज्यातील बुकित सिदिम हा संस्थेने घेतलेला पहिला मळा. पुढे आणखी मळे येत गेले आणि सभासदांची संख्या हजारोंवर गेली.

यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकारच्या फेल्डा या संस्थेने १९५६ पासून जंगल तोडून भूमिहीनांना वसविले, तेव्हा कल्पना प्रत्येक कुटुंबाला त्याची जमीन देण्याची होती, आणि लाभ मुख्यतः मलय कुटुंबांना झाला. संबंधन यांनी जमीन वाटली नाही. वाटली असती तर सट्टेवाल्यांनी केले तेच तुकडेकरण सहकाराच्या नावाने झाले असते. मळा अखंड राहिला, पण त्यातून एक पेच निर्माण झाला. संस्थेच्या मळ्यावर राबणाऱ्या मजुराला मजुरी वाढावी असे वाटणार. दूरच्या, दुसऱ्या कोणाच्या मळ्यावर राबून हप्ते भरलेल्या सभासदाला लाभांश वाढावा असे वाटणार. दोघेही मजूर, दोघेही मालक. हा पेच कोणत्याही सहकारी संस्थेला पुरता सुटलेला नाही, आणि या संस्थेला तो सुटला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

१३ मे १९६९ च्या दंगलींनंतर हवा पालटली. नागरिकत्व नसलेल्यांना कामाचे परवाने सक्तीचे झाले आणि हजारो मजुरांना जन्मभर राबलेला देश सोडावा लागला. १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणाने दारिद्र्य वंशनिरपेक्षपणे हटविण्याचे आणि मलय समाजाचा भांडवलातील वाटा तीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९७० मध्ये कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा अवघा २.४ टक्के होता, हे खरे. परंतु भारतीयांचाही एक टक्क्याच्या आसपासच होता. हिशेब वंशांचा मांडला की मळ्यावरचा तमिळ मजूर दोन रकान्यांच्या मधल्या फटीत पडे. ही फट बुजविण्याइतके वजन संबंधन यांच्यापाशी तेव्हा उरले नव्हते.

पक्षातच त्यांच्याविरुद्ध फळी उभी राहिली. १९७३ मध्ये त्यांनी मनिकवासगम यांच्याकडे अध्यक्षपद सोपविले, १९७४ मध्ये मंत्रिपदही गेले. राष्ट्रीय ऐक्य मंडळाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले; ते मानाचे होते, अधिकाराचे नव्हते. १८ मे १९७९ रोजी ते वारले, तेव्हा वयाची साठी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता.

क्वालालंपूरच्या ब्रिकफिल्ड्स भागातील मुख्य रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. पुढच्या काळात त्या देशातील कितीतरी मळे वसाहती आणि कारखान्यांसाठी विकले गेले, आणि मजुरांना पुन्हा खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. दहा डॉलरच्या हप्त्यांवर उभी राहिलेली संस्था मात्र संस्थापकाच्या मागेही चालू राहिली. शहरातील तिच्या इमारतीचे नाव विस्मा तुन संबंधन असे आहे.