डिलीट न केलेला चेहरा

ग्रुप फोटो आला की तुम्ही आधी कुणाला शोधता? स्वतःलाच ना! डोळे मिटलेले असतील, गाल सुजल्यासारखे दिसत असतील, तर तो फोटो लगेच उडवायला लावता. आज भेटूया अशा माणसाला, ज्याने जवळपास चाळीस वर्षं स्वतःचा चेहरा काढला आणि त्यातली एकही सुरकुती लपवली नाही.

रेम्ब्रां. जन्म 1606, हॉलंडमधलं लायडन शहर, वडील गिरणीवाले. विशीत असताना त्याला माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव पकडायचे होते. मॉडेल परवडणार कसं? पठ्ठ्या आरशासमोर बसला. डोळे वटार, तोंड वासून दाखव, दात विचकून हस, असं चाललेलं. 1630 मधली त्याची ही एचिंग्ज काडेपेटीएवढी छोटी आहेत. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या रेघा, विस्कटलेले केस आणि दचकलेला एक पोरगा. चक्क सराव होता तो!

मग अ‍ॅमस्टरडॅम, नाव, पैसा. 1634 मध्ये सास्कियाशी लग्न. 1639 मध्ये 13,000 गिल्डरचं मोठं घर, तेही बरंचसं उधारीवर. पुढच्याच वर्षीच्या चित्रात तो मखमल आणि फर घालून, कठड्यावर हात टेकून ऐटीत बघतो. हाही त्याचाच चेहरा. मिरवणारा.

पण घरात दुःख होतं. तीन मुलं तान्ही असतानाच गेली. फक्त टायटस जगला आणि तो वर्षाचाही नव्हता तेव्हा, 1642 मध्ये, सास्किया गेली. पुढे कर्ज वाढत गेलं. 1656 मध्ये दिवाळं निघालं. हौसेने जमवलेली चित्रं, शिंपले, शिरस्त्राणं, सगळं लिलावात गेलं. घरही विकलं गेलं. नंतर तर मुलगा टायटस आणि जोडीदारीण हेंड्रिक्ये यांनी कंपनी काढली आणि हा एवढा मोठा चित्रकार कागदोपत्री त्यांचा नोकर झाला.

आता गंमत बघा. घर गेलं त्याच 1658 मध्ये त्याने स्वतःला सोनेरी झग्यात, हातात काठी घेऊन, सिंहासनावर बसल्यासारखं रंगवलं. म्हणजे खोटं बोलला का? कपडे बघाल तर हो. पण चेहरा बघा. थकलेला आहे, ओघळलेला आहे. थाट कपड्यांत आहे, चेहऱ्यावर एकही फिल्टर नाही.

त्याची अशी सुमारे 80 स्वचित्रं आहेत. ती म्हणजे त्याची खासगी डायरी, असं लगेच म्हणू नका. नामवंत चित्रकाराने काढलेल्या त्याच्याच चेहऱ्याला तेव्हा गिऱ्हाईक होतं. यातली काही पोटासाठी, काही सरावासाठी. पण विकायचा चेहरासुद्धा त्याने गुळगुळीत केला नाही, मुद्दा तो आहे.

1663 मध्ये हेंड्रिक्ये गेली, 1668 मध्ये टायटसही. 63 व्या वर्षी तो पुन्हा आरशासमोर बसला. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाक फुगीर, केस पांढरे, हात एकमेकांत गुंतवलेले. एक्स-रेमध्ये दिसलं, की आधी त्या हातात ब्रश होता. नंतर त्याने तो स्वतःच मिटवला. चित्रकार म्हणून मिरवायचंही सोडलं आणि उरला फक्त एक म्हातारा, शांतपणे बघणारा. त्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 1669 ला तो गेला. दफनही भाड्याच्या कबरीत झालं.

एक करून बघा. मोबाइल बाजूला ठेवा, आरसा आणि पेन्सिल घ्या. दहा मिनिटं स्वतःचा चेहरा काढा. चित्र वाईट येईल, येऊ द्या. पण दहा मिनिटं स्वतःकडे बघाल, तेही लाइक्स न मोजता. आणि तो कागद फाडू नका बरं का!