रमाबाई रानडे आणि पुण्याच्या नर्स

सोहारच्या हॉस्पिटलात कधी गेलात, तर नर्सच्या ड्रेसवरचा बिल्ला नीट वाचा. आपण सगळ्यांना सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो. पण सगळ्या सिस्टरचं काम सारखं नसतं. एक जण तुमचा ताप बघते, बीपी मोजते, जखमेची पट्टी बदलते. दुसरी तेच आकडे बघून ठरवते, की डॉक्टरांना आत्ता बोलवायचं की तासाभराने परत तपासायचं. तुमचे कोणी नातेवाईक अमेरिकेत असतील, तर त्यांना विचारा. तिथे पहिलीला लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. तिचं शिक्षण साधारण एका वर्षाचं. दुसरी रजिस्टर्ड नर्स. ती दोन ते चार वर्षं शिकते आणि पहिलीच्या कामावर लक्षही ठेवते. भारतात नावं वेगळी आहेत. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार.

शंभर वर्षांपूर्वी मात्र मराठी घरातल्या बाईला यातली कुठलीच पायरी चढणं सोपं नव्हतं. ज्या बाईने ही वाट पुष्कळ सोपी केली, तिची ही गोष्ट.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे गावात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, महादेव गोविंद रानड्यांशी. तेव्हा त्यांना एक अक्षरही वाचता येत नव्हतं! रानडे मोठे विद्वान, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांनीच बायकोला शिकवायला सुरुवात केली. घरातल्या इतर बायकांना हे मुळीच आवडलं नाही. त्या टोमणे मारायच्या. (टोमणा म्हणजे सरळ न बोलता, दुसऱ्याला लागेल असं बोलणं. तुमच्याही घरी कोणीतरी मारत असेल!) रमाबाई उलट बोलल्या नाहीत, पण पुस्तकही सोडलं नाही. मराठी झालं, मग इंग्रजी. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, म्हणून त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजीतून भाषण वाचलं. त्या दिवशी घरी काय ऐकावं लागलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

१९०१ साली रानडे वारले. रमाबाई विधवा झाल्या. त्या हॉस्पिटलात जाऊन रोग्यांना फळं-फुलं द्यायच्या, तुरुंगातल्या बायकांना भेटायच्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या मदतीने पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे बऱ्याच जणी तरुण विधवा होत्या. नवरा नाही, शिक्षण नाही, हातात पैसा नाही. त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं होतं.

सेवासदनने काही जणींना ससून हॉस्पिटलात नर्सचं आणि सुइणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. सुईण म्हणजे बाळंतपण करणारी बाई. गावोगावच्या सुइणी हे काम बघून बघून शिकायच्या आणि त्यातल्या कित्येक जणी फार हुशार होत्या. पण बाटलीवरचं नाव वाचून, घड्याळ बघून औषध द्यायचं आणि ते कागदावर लिहून ठेवायचं, तर अक्षर यायला हवं. म्हणून आधी लिहिणं-वाचणं, मग हॉस्पिटल. मला वाटतं, टोमणे खात अक्षरं शिकलेल्या रमाबाईंना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लोकांचा विरोध मोठा होता. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा? कुठल्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची? रात्रपाळी करायची? चांगल्या घरच्या मुलीने असलं काम करायचं नाही, असं लोक म्हणायचे. दुसरीकडे, पुरुष डॉक्टरसमोर जायला लाजणाऱ्या आजारी बायका घरातच कण्हत पडायच्या. त्यांना शिकलेली बाई हवीच होती.

सेवासदनच्या एका समारंभात एक विधवा बक्षीस घ्यायला स्टेजवर आली. तिच्या अंगावर त्या काळच्या विधवेचं लाल लुगडं होतं, डोक्यावर पदर होता. ती दिसताच मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाई भडकल्या. शेवटी बोलायला उठल्या, तेव्हा त्यांनी त्या मुलांना सगळ्यांसमोर झापलं. असं वागून स्वतःला शिकलेले कसे म्हणवता, असा त्यांचा सवाल होता. टोमणे मुकाट ऐकणारी ती मुलगी आता दुसरीसाठी गप्प बसली नाही.

१९२४ साली रमाबाई गेल्या. त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी, १९३५ साली, मुंबई प्रांतात नर्स आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी म्हणजे सरकारमान्य यादीत नाव लिहिणं. ‘रजिस्टर्ड’ हा शब्द त्यावरूनच. शिक्षण पुरं करून परीक्षा पास झाली, की नर्सचं नाव त्या यादीत येतं. भारतातून सोहारला नोकरीसाठी येणाऱ्या सिस्टरला आजही आधी नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं.