शतायुषी प्रा. दि. ब. देवधर

पुण्यात संस्कृतचे अध्यापन करीत प्रा. दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) यांनी क्रिकेटची उपासना केली. १९२६ साली एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. परंतु भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटीचे द्वार त्यांना कधीच उघडले नाही. तरीही खंत न बाळगता त्यांनी महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला व ५२ व्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतके झळकविली. घरातही क्रीडेचा वारसा रुजला. कन्या बॅडमिंटनमध्ये नावारूपास आल्या. १९७३ साली सुरू झालेल्या देवधर करंडकात चंदीगडचे खेळाडू उत्तर विभागाकडून खेळले, तेव्हा हे पुणेरी नाव आम्हां दूरस्थांना अधिकच आपले वाटले. हुकलेल्या संधीहून हाती आलेले कार्य मोठे मानणाऱ्या या कर्मयोग्यास आमचे विनम्र अभिवादन!